गुडघ्यावरची दाद

संध्याकाळी दिवा लागला की माझी धाकटी लेक पेटी काढून बसते. तिने भाता ओढला की स्वर फुटण्याआधी पेटीतून एक दीर्घ, धुरकट निःश्वास निघतो. जणू गाण्याला गाण्यापूर्वीच आलेला शीण. तो कानी पडताच माझ्या उजव्या गुडघ्यावर कुणी पाच बोटे अलगद टेकवावीत तशी ऊब पसरते. वय झाले, वात असेल, असे तुम्ही म्हणाल. आमच्या घरातही तेच निदान झालेले आहे. त्यामुळे निर्गुडीचा पाला शेकायला कायम तयार असतो आणि मीही मुकाट्याने शेकून घेतो. गुडघ्यालाही स्मृती असते आणि ती गाण्याच्या चाहुलीने जागी होते, हे पाला गरम करणाऱ्या बाईला कोणत्या शब्दांत समजावून सांगावे?

त्यातून गाण्याचा आणि माझा संबंध असा, की तो झाकलेलाच बरा. विधात्याने मला कान दिले ते चष्म्याच्या दांड्या अडकवण्यापुरते. शाळेत प्रार्थनेच्या वेळी मास्तरांनी मला बाजूला घेऊन, अत्यंत मायेने, नुसते ओठ हलवत जा म्हणून सांगितले होते. पुढे संसारात अंगाई म्हणायची पाळी आली तेव्हा निजलेली पोरे उठून बसू लागली, आणि तेही काम माझ्याकडून काढून घेण्यात आले. तरीसुद्धा एके काळी अमरावतीच्या राजापेठेत मी संगीत नाटकांचा मोठा जाणकार समजला जात होतो, हे सांगितले तर तुमचा विश्वास बसेल का? ज्यांच्याकडे मी कारकुनी करीत असे ते वकीलसाहेब पक्षकारांना बाहेर बसवून मला विचारीत, काय हो, कालचे पद कसे झाले? मी डोळे अर्धवट मिटून सांगे, दुसऱ्या अंतऱ्याला जागा फार सुरेख घेतली. ही जागा नेमकी कुठे असते आणि ती घेऊन पुढे काय करतात, हे मला आजतागायत ठाऊक नाही. ते वाक्य उकंडरावाचे होते.

उकंडराव वरूडचा, संत्र्याच्या बागायतदारांतला. आधीची भावंडे जगली नाहीत म्हणून आईने त्याला उपजताच उकिरड्यावर ठेवून पुन्हा उचलला, आणि मृत्यूलाही शिसारी यावी असे नाव त्याला दिले. त्या नावाच्या माणसाला दैवाने असे कान द्यावेत, की तंबोऱ्याची एक तार केसभर उतरली तरी याच्या कपाळावर आठी उमटावी! अमरावतीच्या हायस्कुलात आम्ही एका बाकावर होतो आणि भाड्याच्या एकाच खोलीत राहत होतो. तिथून पहिल्यांदा नाटकाला गेलो तेव्हा मी भलत्याच ठिकाणी टाळी वाजवली आणि चार माणसे वळून पाहू लागली. उकंडराव माझ्या उजवीकडे बसला होता; त्याच क्षणी माझ्या उजव्या गुडघ्यावर त्याचा डावा हात पडला. “थांब लेका, अजून यायचं हाय,” तो पुटपुटला. तेव्हापासून आमची भाषा ठरून गेली. बोटे नुसती टेकली की थांब, काहीतरी येते आहे. दोनदा दाबली की मान डोलव. आणि सबंध पंजा थाडकन बसला की वन्स मोर.

वन्स मोर मात्र तोच देई. बागेतल्या राघूंना हाकलून कमावलेला तो आवाज थिएटरच्या मागच्या भिंतीवर आपटून रंगभूमीवर परत जाई आणि गाणारा नट हसून पुन्हा सुरुवात करी. मला त्या ओरडण्याचे फार नवल वाटे. एरवी आयुष्यात गेलेली गोष्ट परत मागायची सोय कुठे असते? बालपण, आईचा हात, पहिल्या ओळखीचा संकोच, यांतले काहीही आपण उभे राहून पुन्हा मागितले तर कोण देणार आहे? रंगभूमीपुढच्या त्या दिव्यांच्या झालरीपलीकडे मात्र एक माणूस उभा असे, जो नुकतेच सरलेले सुख तुमच्या एका हाकेवर पुन्हा उलगडून दाखवी. उकंडरावाला हे कधी बोलून दाखवले असते तर तो म्हणाला असता, जास्त शिकला बे तू.

मग बोलपट आले. नाटकांच्या कंपन्या एकेक करून विझू लागल्या. आम्हीही विझतच होतो. तो बागेत, मी दप्तरात. अशात उकंडरावाला हिवताप झाला असे कळले. त्यानंतर वर्षभर त्याचे येणे नाही, निरोप नाही. मी आपला रुसून बसलो. मध्यमवयीन माणसाच्या रुसण्यासारखे हास्यास्पद दृश्य नाही, कारण ते पाहायला कुणीच आलेले नसते.

माघ सरत आला होता. एका शनिवारी संध्याकाळी तो मोटारीतून उतरला, खांद्यावर संत्र्यांची थैली. “काऊन बे नान्या, वाळून गेला लेका!” हे तो इतक्या मोठ्याने म्हणाला की समोरचा शिंपी मशीन थांबवून बाहेर आला. होतास कुठे, म्हणून मी तीनदा विचारले. तिन्ही वेळा तो माझ्या तोंडाकडे पाहत हसला. चौथ्यांदा त्याने डावा कान माझ्याजवळ आणला आणि मला सारे उमगले.

“तापात गेले बाप्पा,” तो म्हणाला. “तापानं गेले का तापावरच्या कोयनेलनं, डाक्टरही सांगत नाई. उजवा तं खलासच हाय. डाव्यात थोडकं राह्यलं, तेही जाईन म्हणते. मंग मी म्हटलं, राह्यलेलं कायले बाजारात भावतावात घालवाचं? अकोल्याले कंपनी आली हाय. बुवाचं ते निरोपाचं पद आयकून घेतो. मंग जाय म्हणा कानाले, जिकडे जाचं तिकडे.”

बुवा म्हणजे त्या कंपनीचे मुख्य गायक नट. त्यांचे ते पद उकंडरावाने ऐन तारुण्यात ऐकले होते. त्यानंतर दुसऱ्या कुणाचे गाणे ऐकले तरी तो ते त्या पदाशेजारी ठेवून पाही आणि परत करी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. बडनेऱ्याला गाडी बदलली. पुढे मुर्तिजापूर गेले, काळ्या रानांत कापूस वेचून संपलेल्या पऱ्हाट्या उभ्या दिसत होत्या, आणि तो संत्री सोलून माझ्या हातावर फोडी ठेवत होता. स्वतः मात्र फार बोलत नव्हता. साठवलेले खर्च होऊ नये म्हणून माणूस जपून चालतो ना, तसा तो डब्यातल्या कोलाहलाकडे बधिर कान करून, चांगला कान माझ्या बाजूला झाकून बसला होता.

अकोल्याच्या त्या पत्र्याच्या थिएटरात रात्रीची वेळ आता बोलपटाला दिलेली होती. नाटकाच्या वाट्याला रविवारची दुपार आली होती. दुपारी नाटक पाहण्याचा प्रसंग शत्रूवरही येऊ नये. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे राजवाड्याच्या पडद्यावर पडले होते, त्यांतून बाजारातल्या कापसाचा धुरळा तरंगत होता, आणि धुपाच्या वासालाही रंग चढत नव्हता. पुढच्या खुर्च्यांत जुनी माणसे होती. पिटातल्या स्वस्त बाकांवर कॉलेजातली पोरे, बहुधा ऊन टाळायला आलेली. तिसरी घंटा झाली. ऑर्गनचा पहिला स्वर आला. सवयीने मी उजवा गुडघा थोडा पुढे केला आणि वाट पाहिली.

हात आला नाही.

नांदी झाली, बुवांचे पहिले पद झाले. बुवा आता राजपुत्र दिसत नव्हते. राजपुत्राचे थकलेले काका दिसत होते. उकंडराव पुढे वाकून, डाव्या कानामागे तळहात धरून बसला होता. मान कधी इकडे, कधी तिकडे, दार कोणत्या बाजूने किलकिले आहे ते चाचपत असल्यासारखी. बऱ्याच वेळाने त्याने तळहात खाली घेतला.

“नुसतं घूं होऊन राह्यलं,” तो म्हणाला. त्याला वाटले तो हळू बोलला. दोन रांगांनी मागे पाहिले. “कापसाच्या जिनिंगमधी उभं राह्यल्यावानी.”

आणि मग त्याने माझा हात उचलला, आपल्या गुडघ्यावर ठेवला, आणि डोळे रंगभूमीकडे लावून म्हणाला, “आता तू सांगजो.”

मी! ज्याला नुसते ओठ हलवायला सांगितले होते, तो! आंधळ्याने काठी फेकून देऊन दुसऱ्या आंधळ्याचा हात धरावा तसा प्रकार होता. पण नाही कसे म्हणणार? तीस वर्षे त्याने मला गाणे दिले होते. ते माझ्यापर्यंत कानांनी कधीच आले नव्हते. ते त्याच्या बोटांतून माझ्या हाडांत उतरले होते. मी स्वतःशी एक युक्ती ठरवली. पुढच्या रांगेत रेशमी उपरणे घेतलेले एक वृद्ध गृहस्थ बसले होते. ते डोलले की मी बोटे दाबायची. पहिला अंक असा निभावला. मी दाबले की उकंडरावाचे डोळे चमकत, तो “वा” म्हणे, आणि मला माझ्या लबाडीचा चक्क अभिमान वाटू लागला.

दुसऱ्या अंकात ते निरोपाचे पद आले. बुवांनी डोळे मिटले. हात वर गेला, गळ्याच्या शिरा ताणल्या, स्वर वर वर चढत गेला आणि तिथे थरथरत राहिला. पुढच्या रांगेतल्या वृद्ध गृहस्थांनी दोन्ही हातांत तोंड झाकून मान खाली घातली. इतका तल्लीन झालेला माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. मी सर्व बळ एकवटून उकंडरावाच्या गुडघ्यावर पंजा हाणला.

तो उठून उभा राहिला. राघू उडवणारा तो आवाज पत्र्याच्या छपरावर फुटला. “वन्स मोर!”

मग पिटातून हसण्याचा असा लोंढा आला की काय सांगू. शिट्ट्या वाजल्या, पोरे बाकांवर उभी राहून वन्स मोर, वन्स मोर म्हणून कोकलू लागली. वृद्ध गृहस्थांनी मागे वळून आमच्याकडे पाहिले, आणि त्यांच्या डोळ्यांत मला दिसले की तोंड त्यांनी कशासाठी झाकले होते. बुवांचा आवाज वरच्या स्वरावर फाटला होता. साऱ्या थिएटरला ते कळले होते. कळले नव्हते ते फक्त दोघांना. एकाला ऐकू येत नव्हते म्हणून, आणि दुसऱ्याला ऐकू येत होते तरी.

बुवा तसेच उभे होते. हसणाऱ्यांकडे त्यांनी पाहिलेच नाही. पाहिले ते एका उभ्या माणसाकडे, जो दोन्ही हात जोडून, ओल्या डोळ्यांनी, खरोखर पुन्हा मागत होता. मग त्यांनी ऑर्गनवाल्याला बोटाने पट्टी खाली उतरवण्याची खूण केली, आणि तेच पद पुन्हा धरले.

उकंडराव खाली बसला. आता त्याचा डावा हात माझ्या उजव्या गुडघ्यावर आला आणि त्यावर ताल चालू लागला. मला स्वर कळत नाही. पण मोजता येते. तबल्याचा ठेका एकीकडे चालला होता, त्याची बोटे दुसरीकडे. बुवा सावकाश, पायऱ्या उतरणाऱ्या म्हाताऱ्यासारखे गात होते. बोटे मात्र तरुण होती, भरधाव. ती अंतऱ्यावर पोचली तेव्हा बुवा अजून सुरुवातीच्या अस्ताईत होते. बोटांनी वरचा स्वर गाठला, तिथे थांबली, थरारली, आणि समेवर येऊन निश्चल झाली. उकंडरावाने उपरण्याने डोळे पुसले. रंगभूमीवर पद अजून अर्धे उरले होते. पिटातली पोरे गप्प झाली होती.

स्टेशनाकडे चालताना कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. दिवस मावळत होता. तिच्या कडेकडेने तो पुढे चालत राहिला. मग म्हणाला, “लोकं हासले ना रे?”

कान गेले होते. डोळे कुठे गेले होते? मी त्याच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन होय म्हणालो.

“बेसूर झाला होता काय बुवा?”

“मले काय समजते, उकंडा?” मी ओरडून म्हणालो. आयुष्यात संगीतावर मी केलेले पहिले प्रामाणिक विधान ते.

तो थांबला आणि खदखदून हसला. “तुले समजत नाई, मले आयकू येत नाई. अन् चाललो बाप्पा अकोल्याले!” मग हसणे ओसरले. “पण दुसऱ्या खेपेले चांगला गायला. हो ना?”

मी त्याच्या खांद्यावर दोनदा बोटे दाबली. ते पद चांगले झाले हे मला कशावरून कळले होते? त्याच्या पाणावलेल्या डोळ्यांवरून. आणि त्याला? माझ्या बोटांवरून. खरे गाणे आम्हा दोघांपैकी कुणाकडेच नव्हते. तरी दोघेही ते मिळाल्यासारखे चालत होतो.

त्यानंतर संत्र्याचे दोन बहर त्याने पाहिले. मी एकदा वरूडला गेलो तेव्हा बाग फळावर होती. आम्ही झाडाखाली बसलो. वर पाने हलताना पाहून त्याने विचारले, “राघू ओरडून राह्यले काय?” मी त्याच्या गुडघ्यावर दोनदा दाबले. त्याने ओरडून त्यांना हाकलले नाही. “खाऊ दे,” म्हणाला. पुढल्या खेपेस ताप आला तो त्यालाच घेऊन गेला.

लेकीचे पद संपते. भाता मिटताना पेटी पुन्हा तोच निःश्वास सोडते. “नाना, कसं झालं?” ती विचारते. माझ्या लौकिकावर तिचा अजून विश्वास आहे. मी म्हणतो, पुन्हा म्हण. ती मान खाली घालून पुन्हा म्हणते, बहुधा अधिक मन लावून. आणि मी उजवा गुडघा थोडा पुढे करून वाट पाहतो. पद पुन्हा संपते. ती पुन्हा माझ्याकडे पाहते. मी उजवीकडे पाहतो.

उजवीकडे भिंत आहे.