तुरिडबाईंची दोन पानं

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही, आणि तिच्यापासून तर माझं कोलेस्टेरॉलसुद्धा लपत नाही.

तुरिडबाई गेल्या महिन्यात गेल्या. नॉर्वेहून लीड्सला येऊन त्या आयुष्यभर पियानो वाजवत राहिल्या. स्वतः रचना करायच्या, आणि माझ्यासारख्या जाड बोटांच्या डॉक्टरलाही शिकवायच्या. एकदा माझं वादन ऐकून म्हणाल्या, "डॉक्टर, पियानोला भूल दिलीत का?" मी भूलतज्ज्ञच होतो.

शेवटी त्यांनी मला झेपेल असं काम दिलं. त्यांच्या कार्यक्रमात शेजारी बसून पानं उलटायची.

अकरा वर्षांपूर्वीची संक्रांत. चर्चच्या हॉलमध्ये त्या आपली नवी रचना पहिल्यांदाच वाजवणार होत्या. हिने तिळगुळाच्या वड्यांचा डबा दिला होता. पाक कच्चा राहिल्याने वड्या बोटांना सोडत नव्हत्या. बाईंनी एक खाल्ली. मी चार. हात धुतले का? — रुमालाला पुसले.

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या अंगठ्याबरोबर दोन पानं एकदम उलटली आणि तशीच चिकटली. बाई क्षणभर अडखळल्या, चार सूर जुळवून पुढे गेल्या. टाळ्या पडल्या.

आत आल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "मधला संथ भाग मी वाजवला ना? मला आठवतच नाहीये."

मी — संक्रांतीला गोड बोलायचं असतं ना? — म्हणालो, "वाजवलात की! अप्रतिम."

त्यांचा चेहरा उतरला. मला तो दिसला. तरी मी डब्याचं झाकण लावत राहिलो.

त्यानंतर त्या कधी स्टेजवर बसल्या नाहीत. त्या रचनेची वहीही पुन्हा उघडली नाही. स्मरणशक्ती चालली म्हणाल्या. कपाटांवर चिठ्ठ्या लावल्या — 'कप', 'बशा'. आणि मी कुठल्या धड्यात कुठला सूर चुकलो, हे मात्र त्यांना शेवटपर्यंत तोंडपाठ होतं. मी अकरा वर्षं दर गुरुवारी जायचो. त्या चिठ्ठ्या वाचायचो, आणि 'कप'मधून चहा पिऊन घरी यायचो.

शोकसभेत त्यांची मुलगी म्हणाली, "आईचं विसरणं त्या कार्यक्रमापासूनच सुरू झालं. तुम्ही शेजारीच होतात ना?"

"हो," मी म्हणालो. तेवढंच.

तिने ती वही मला आठवण म्हणून दिली. काल किटलीच्या वाफेवर धरून मी ती पानं सोडवली. अजून गुळाचा वास येत होता. मधला भाग वाजवून पाहिला — चुकत, थांबत. फार सुंदर आहे. तो बाईंशिवाय आजवर कोणी ऐकलेला नव्हता. त्यांच्यानंतर काल पहिल्यांदा वाजला, तोही माझ्या बोटांनी.

हिने स्वयंपाकघरातून विचारलं, "कोणाचं हो हे?"

मी पान उलटलं.