आधी ‘येतो’ म्हण

ज्यांना खाली ‘भास झाला असेल’ असं लिहायचं असेल, त्यांनी इथूनच परत फिरावं. अठरा वर्षं मी गंगापूर रोडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढतेय. नळीत येतं तेवढंच खरं मानणारी बाई आहे मी.

गेल्या वर्षी आमच्याकडे एका अभ्यासासाठी नमुने घेत होते. डिप्रेशन असलेल्या, जीव द्यावासा वाटणाऱ्या माणसांच्या रक्तात काही वेगळं सापडतं का, ते बघायचं होतं. तुलनेसाठी ठणठणीत माणसंही हवी होती, म्हणून मी माझ्या धाकट्या भावाला, महेशला बोलावलं. क्लासमध्ये गणित शिकवतो, दिवसभर टवाळक्या. "रक्त घेतेस, चहा तरी पाज ताई," म्हणाला. चहा प्यायला आणि नेहमीसारखा "येतो" म्हणून गेला.

अर्ध्या-पाऊण तासाने त्याची नळी मशीनमध्ये ठेवत होते... आणि मागून त्याचाच आवाज आला — "ताई, जातो."

"मेल्या, येतो म्हणावं," तोंडातून गेलंच माझ्या. आमच्याकडे ‘जातो’ म्हणून कुणी उंबरा ओलांडत नाही. वळले तर मागे कोणी नाही. लेबलं चिकटवत बसलेली शबाना म्हणाली, "भाऊ परत आला का तुमचा? आत्ता जातो म्हणाला ना?"

आता सांगा, एकच भास दोघींना होतो?

फोन लावला, बंद. हातातल्या ग्लोव्हजसकट स्कूटर काढली आणि मखमलाबादला त्याची खोली गाठली. दार बडवलं... बऱ्याच वेळाने त्याने उघडलं. टेबलावर पाकीट, घड्याळ, चाव्या ओळीने मांडलेल्या. शेजारी चिठ्ठी. पहिलीच ओळ — ‘ताई, जातो.’

फार घाबरले मी. त्याला धरूनच बसले. तो रडत एवढंच विचारत होता, "मी कुणालाच बोललो नव्हतो गं, तुला कसं कळलं?" त्याच दुपारी त्याला डॉक्टरांकडे नेलं.

त्या नळीचा रिपोर्ट नंतर मी हट्टाने पाहिला. सगळं नॉर्मल. रक्तानेही त्याच्यासारखीच थाप मारली होती. मशीनला दोष देत नाही मी, त्याला अजून तेवढं कळत नाही.

मामी म्हणाली, बाधा आहे, त्र्यंबकला शांती करून घ्या. मी तोंडावर सांगितलं, बाधा नाही, आजार आहे, आणि गोळ्या चालू आहेत. आता वाईट दिवस असला की महेश स्वतःच सांगतो.

तो आवाज कुठून आला, मला आजही माहीत नाही. शबानालाही नाही. रोज सकाळी क्लासला निघताना महेश फोन करतो. तो ‘येतो’ म्हणेपर्यंत मी फोन ठेवत नाही.