उत्तरेच्या पाण्याचे वीस रकाने

मी मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये काम करतो. दर उन्हाळ्यात आम्ही नॉर्वेच्या किनाऱ्याने पार वरपर्यंत जातो. तिथे दक्षिणेकडून ध्रुवाकडे वाहणारा एक कोमट प्रवाह आहे. इंजिन थंड करायला त्याचंच पाणी आत घेतात आणि त्याचं तापमान मी दर शिफ्टला वहीत लिहितो.

एका वर्षी ते आदल्या वर्षीपेक्षा दीड अंशाने जास्त निघालं. सुट्टीत पेणला आलो आणि रामवाडीच्या चहाच्या टपरीवर, समुद्र तापत चाललाय म्हणून महिनाभर भाषणं झोडली. पुढच्या वर्षी पाणी चक्क गार. मी दिसलो की टपरीवाला विचारायचा, स्वेटर आणलास का.

बाबा पोट धरून हसले. मग मला मिठागरावरच्या त्यांच्या खोलीत घेऊन गेले. दरसालचं पहिलं मीठ कधी निघालं, ते त्यांनी भिंतीवर कोळशाने लिहून ठेवलंय. कधी लवकर, कधी उशिरा.

"एका सालावरून मी कधी तोंड उघडलं नाय," ते म्हणाले.

शेजारी माझ्या पाण्यासाठी त्यांनी वीस वर्षांचे वीस रकाने आखले होते.

"हे भर, मंग बोल. ऐकायला मी हाय."

बाबांना तेव्हा अठ्ठ्याहत्तरावं लागलं होतं.