सुईणबाईचं बोट

तंबूच्या कारखान्यात तिला सगळे सुईणबाई म्हणत. हातात कायम सुई, आणि तिच्या हाताखालून गेल्याशिवाय एकही तंबू जन्माला येत नसे, म्हणून. तीही ते नाव तोऱ्यात मिरवायची.

धाकट्या जावेला कारखान्यात आणलं तिनंच. दाभण धरायला शिकवलं, दोर ताणायला शिकवलं, आणि या धंद्यातली पहिली अक्कलही दिली: "ओल्या कापडाला आतून बोट लावायचं नाही. लावलंस की तिथूनच गळायला लागतं. चुकून लागलंच, तर बोट तसंच खाली काठापर्यंत ओढत न्यायचं. पाणी त्या वाटेनं उतरतं." धाकटीनं मान डोलावली होती. ही एवढ्या लवकर शिकेल असं तेव्हा कुणाला वाटलं होतं!

आता कापड कापणारा म्हातारा काम सोडणार होता. खिडकीजवळचं त्याचं लांब टेबल सुईणबाईनं मनातल्या मनात कधीच आपलं करून टाकलं होतं. आणि मालकांनी काय म्हणावं?

"धाकटीनं नवा तंबू कापलाय. पावसात एक रात्र न गळता उभा राहिला, तर टेबल तिचं. पारख तुम्हीच करा, सुईणबाई. तुमच्यासारखी नजर कुणाची आहे?"

जखमेवर मीठ चोळावं तर असं, वर गोड बोलून.

तर कारखान्यामागच्या मैदानात, धो धो पावसात, दोघी जावा त्या तंबूत आडव्या झाल्या. परीक्षा जिची होती ती घोरायला लागली आणि परीक्षा घेणारी टक्क जागी राहिली. सुईणबाईनं बॅटरी लावून शिवण न् शिवण तपासली. कोपरे चाचपले, खालची सतरंजी चाचपली. सगळं कोरडं ठणठणीत. माथ्यावर तर शिवणच नव्हती. धाकटीनं एकसलग कापड दोन्हीकडं उतरवलं होतं. इतकी साधी गोष्ट, आणि आपल्याला कशी सुचली नाही? तिच्या अंगाचा तिळपापड झाला. गेले कित्येक दिवस ती जावेला पाण्यात पाहत होती. आज पाणीही भरपूर होतं, पण मेलं आत येईल तर शपथ.

शेवटी तिनं हात वर केला आणि जावेच्या पायांच्या वर, तंबूच्या कापडाला बोट टेकवलं. चांगलं दाबून धरलं.

टप. मग पुन्हा टप.

सुईणबाईनं बॅटरी विझवली आणि श्वास रोखून पडून राहिली. घोरणं थांबलं होतं. अंधारात धाकटी उठून बसली, कापडावर हात फिरवून तिनं ती जागा शोधली आणि बोट सावकाश खाली, पार काठापर्यंत ओढत नेलं. टपटप थांबली.

"झोपा आता, जाऊबाई," ती म्हणाली, आणि कूस बदलून पुन्हा घोरायला लागली.

सकाळी मालक छत्री सावरत आले. "काय सुईणबाई, बाळ-बाळंतीण सुखरूप?" मग त्यांची नजर धाकटीच्या पांघरुणाकडं गेली. "हे ओलं कशानं?"

"तांब्या लवंडला माझ्या हातून," धाकटी पटकन म्हणाली.

मालकांनी मान हलवली. त्यांना ते पटलंही. सुईणबाई सुटली होती. पण कापणं हिचं, युक्ती हिची, टेबलही हिचंच होणार, आणि आता वर मोठं मनसुद्धा हिचंच? पांघरूण घालणारी ही, आणि जन्मभर त्याखाली राहायचं आपण?

"तांब्या कसला!" ती कडाडली. "मी बोट लावलं. रात्री, मुद्दाम. तंबू गळत नाही."

धाकटीनं मान खाली घातली.

"आणि ते बोट खाली ओढायचं," सुईणबाई म्हणाली, "ते हिला मी शिकवलंय. तेवढं तरी माझ्या नावावर असू दे."