मुद्देमालातली प्रवाळं

निवृत्त होऊन थोडी वर्षं झाली, पण ती घटना अजून मनातून जात नाही. झाशीच्या ठाण्यात गावठी कट्ट्यापासून म्हशीपर्यंत सगळा मुद्देमाल मी जमा केला. जिवंत प्रवाळं मात्र तेवढी एकदाच.

समुद्रातून तोडून आणलेली ती प्रवाळं एका विक्रेत्याकडे छाप्यात सापडली. दिसायला रंगीत दगड, पण असतात प्राणी, आणि कायद्याने संरक्षित. जप्त माल ठेवतात त्या मालखान्यात ठेवली असती तर मेलीच असती. ओरछा गेटजवळ एका मराठी बँक कर्मचाऱ्याच्या घरी खाऱ्या पाण्याची टाकी होती. समुद्रकिनाऱ्यावरचे शास्त्रज्ञ न्यायला येईपर्यंत, कोर्टाच्या आदेशाने सुपुर्दनामा करून ती त्या कर्मचाऱ्याच्या ताब्यात दिली.

काही दिवसांनी निनावी फोन आला : तो बँकवाला आरोपीला फितलाय, पुरावा मारतोय. जाऊन पाहिलं तर प्रवाळांचं मांस कडेने गळून पांढरा सांगाडा उघडा पडला होता. पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा लागला तर गृहस्थाची नोकरीच जायची.

ठाण्यात बसवून त्यांना उलटसुलट विचारलं. खोटं बोलणारा माणूस आधी स्वतःची सफाई देतो. हे गृहस्थ मात्र मला मीठ, उजेड, पाण्याची उष्णता असं प्रवाळांचं पथ्यपाणीच सांगत बसले.

"मला आत टाका साहेब, पण आधी त्यांचं पाणी बदलू द्या," ते म्हणाले.

चोराच्या उलट्या बोंबा मी पुष्कळ ऐकल्यात. ही तशी बोंब नव्हती. म्हणून पुन्हा त्यांच्या घरी गेलो आणि दिवसा टाकीला हात कोण लावतं ते विचारलं. आमच्याकडच्या उन्हाळ्यात पाणी भराभर आटतं. गृहस्थ बँकेत असताना त्यांच्या म्हाताऱ्या आई फिल्टरचं पाणी घालून तूट भरून काढायच्या. कसं घालता ते दाखवा म्हटलं, तर बाई सरळ स्वयंपाकघरातल्या तांब्याच्या कळशीकडे गेल्या.

"दरोगाजी, मशीनचं पाणी निर्जीव. म्हणून रात्रभर तांब्यात ठेवते. आमच्या घरात सगळे हेच पितात, मग या मुक्या जिवांना वेगळं कसं देऊ?"

मुलाने पुढे होऊन कळशी बाजूला घेतली आणि मला सांगितलं : माणसाला मानवणारं तांबं प्रवाळांना विष असतं. पाणी तपासलं, तांबं निघालं. बाईंचा चेहरा पाहून मला फार वाईट वाटलं.

कोर्टाला खरं ते कळवलं, गुन्हा लागला नाही. मायलेकांनी पाणी बदलून, कोळशातून गाळून प्रवाळांची शुश्रूषा केली. काही गेली. उरलेल्यांवर हळूहळू मांस धरू लागलं.

नुकसान झालं की वैरी शोधायचा, ही आम्हा पोलिसांची सवय. त्यानंतर मी जीव लावणाऱ्यांनाही विचारू लागलो, आणि त्यांना विचारताना आवाज खाली ठेवू लागलो.

प्रवाळं न्यायला शास्त्रज्ञ आले, तेव्हा बाई गाडीपर्यंत गेल्या आणि त्यांना बजावून म्हणाल्या, "पाणी काचेच्या भांड्यानंच घाला हं. माया करायला जाल तर विचारून करा."