जहाजवाले काका आणि बिनपायाचा बैल

गेंदलालकाकांच्या शर्टाच्या खिशाला पेन मी कधी पाहिलं नाही. तिथे असायचा लाकडी मुठीचा एक लांब पेचकस. कुठलंही यंत्र कण्हायला लागलं की काका पेचकसाचं टोक यंत्राला टेकवत, मूठ उजव्या कानाला लावत आणि डोळे मिटून उभे राहत. शेतातला पंप, पाटलांचा ट्रॅक्टर, आमचा फ्रिज, सगळ्यांची नाडी अशीच बघितली जाई. मला पाहायला आलेल्या एका मुलाच्या मोटरसायकललाही त्यांनी पेचकस लावला होता. आत पोह्यांच्या बशा फिरत होत्या आणि काका दारातूनच म्हणाले, "मंदा, पोरगा गोरागोमटा आहे, पन गाडीले तेल पाजत नाही. तुले काय सांभाळनार?" स्थळ तिथेच मोडलं. आई आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. मला मात्र त्या दिवसापासून काका फार आवडायला लागले.

काका आमचे सख्खे नव्हेत, भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. आमचं गाव बिरसीच्या विमानतळाजवळ. चारी बाजूंना धानाच्या बांध्या, एक जुना मोठा तलाव, आणि डोक्यावर दिवसभर विमान शिकणाऱ्या पोरांच्या घिरट्या. अशा गावातून काका जहाजावर गेले, म्हणून गाव त्यांना जहाजवाले म्हणे. नवा पाहुणा हटकून विचारायचा, समुद्र कसा असतो हो? काका कपाळावर हात मारत. "मी कुठं पाहिला बाप्पा? मी खालतं, इंजिनात. वरतं लाट आली का नाही, तेबी मले उलट्या करनारे येऊन सांगत." सारी नोकरी त्यांनी समुद्राच्या पोटात तेलकट उकाड्यात काढली आणि डावा कान त्या धडधडीला देऊन परत आले.

इकडे रेवंताकाकूंनी शेत, सासू आणि दोन म्हशी सांभाळल्या. काका सुटीवर यायचे ते नेमके रोवणीत नाही तर कापणीत. आले की चिखलात उतरायचे, धान घरात आलं की पेटी उचलायचे. लग्नात त्यांनी काकूंना जहाजात बसवायचं कबूल केलं होतं. ते राहिलं ते राहिलंच. काकू त्यावरून भांडल्या नाहीत, पण टोमणा तयार असायचा. "मले जहाज मालूम आहे ना. पोस्टकार्डावर पाहिलं."

निवृत्त झाल्यावर काकांनी जाहीर केलं की ते बोट घेणार. आणि इंजिनाची नाही, शिडाची. "जिंदगीभर इंजिनानं बोलू नाही दिलं. आता अशी गाडी पाहिजे, जे चुपचाप चालते." तलावात मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या संस्थेने जाळी फाडणार नाही या बोलीवर हसत हसत परवानगी दिली. काकू मात्र हसल्या नाहीत. त्यांना पोहता येत नव्हतं आणि पाण्याची भीती वाटायची. बराच विचार करून त्या म्हणाल्या, "बसीन. पन बोट मी पसंद करीन. या घरातली बैलजोडी आजपावतर मीच पसंद केली." काका इतके खूश झाले, की त्यांनी लगेच हो म्हणून टाकलं. तिथेच फसले.

नागपूरला एक बोट क्लब बंद पडला होता आणि त्याच्या दोन बोटी विकायच्या होत्या. मी गाडी चालवत दोघांना घेऊन गेले. एक बोट फायबरची, पांढरीशुभ्र, निळ्या पट्ट्याची, चार-पाच पावसाळे वापरलेली. दुसरी सागवानी, काकांच्या पेन्शनपेक्षा जुनी. उन्हात पडून पडून तिच्या फळ्यांत फटी पडल्या होत्या. काकू पांढऱ्या बोटीभोवती फिरल्या, पाठीवरून हात फिरवला, मागे गेल्या, पुढे आल्या. बैलाची शेपटी धरून पाहतात तेवढंच काय ते राहिलं. "हे," त्या म्हणाल्या. मलाही तीच आवडली होती.

काकांनी पेचकस काढला. पांढऱ्या बोटीला मुठीने ठोकत आणि कान लावत ते हळूहळू सरकले. ठक, ठक, ठक, आणि तळाशी एका जागी भद्द. पुन्हा ठोकलं, पुन्हा भद्द. तिथे आतून थर सुटले होते, पाणी मुरलं होतं आणि वरून ताजा रंग मारला होता. मग ते जुनीकडे गेले. फटी एवढ्या, की पलीकडची भिंत दिसे. पण लाकूड टणटण बोललं. "जुनीचा रोग डोळ्याले दिसते," ते म्हणाले. "नवीचा लपून राहिला."

"मले फटीतून जमीन दिसून राहिली," काकू म्हणाल्या, "अन् तुमी रोग पाहून राहिले?"

काकांनी आयुष्यात पहिल्यांदा काकूंची पसंती मोडली आणि जुनी बोट घेतली. काकूंनी तिथेच सांगून टाकलं, "मंग मी नाही बसनार." भंडारा येईपर्यंत त्या बोलल्या नाहीत. भंडाऱ्याला बोलल्या, ते चहात साखर कमी आहे एवढंच. काकू पाणी प्यायला उतरल्या तेव्हा काका मला हळूच म्हणाले, "तिले पोहता येत नाही बेटा. लपलेल्या रोगावर तिले कसा बसवू?" मी म्हटलं, हे त्यांनाच सांगा ना. तर म्हणाले, "सांगीन तं ते भिऊन जाईल. मंग पांढरीतबी नाही बसनार अन् सागवानीतबी नाही."

देवरीच्या बाजारातून राळ आली, सुती दोरा आला, आणि काका फटी बुजवत बसले. पोळा तोंडावर आला तशी त्यांना लहर आली. गोठ्यात बैल उरले नव्हते, पण दारात बोट होती. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, बैलांच्या खांद्यांना हळद-तूप लावायच्या खांदशेकणीला, मी त्यांच्या अंगणात गेले, तर काकू डोलकाठीला हळद-तूप चोळत होत्या. मी पाहतच राहिले. "काऊन पाहून राहिली?" त्या खेकसल्या. "बसनार नाही म्हनलं. मान देनार नाही, असं म्हनलं काय?"

दुसऱ्या दिवशी बोट झूल पांघरून ट्रॉलीवरून तोरणाखाली आली. हसून हसून लोकांची पोटं दुखली. झडत्या, म्हणजे पोळ्याची चिडवायची गाणी, म्हणणाऱ्यांना तर आयतंच कोलीत मिळालं.

पोळा रे पोळा, गावाचा पोळा,
लहान-थोर झाले गोळा,
कोनी आनला ढवळा, कोनी आनला काळा,
जहाजवाल्यानं आनला बिनपायाचा भोळा!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

सगळ्यात मोठ्याने महादेव काकाच ओरडले. मग मिरवणूक तशीच तलावावर गेली आणि बोट पाण्यात उतरली. राळ लावूनही बारीक बारीक फटींतून पाणी आत आलं आणि सगळ्या गावासमोर ती काठालगत शांतपणे बुडाली. फक्त डोलकाठी तिरकी वर राहिली, हळदीसकट. तलावाच्या पाळीवर, बांधावर, काकू उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. काका मात्र खुशीत. "पिऊ द्या तिले. तहानली आहे. नवा बैल आनला तं पहिले पानी पाजतेत, का जुपतेत?" लाकूड फुगलं की फटी आपोआप मिटतात, हे त्यांनी ओरडून सांगितलंही. पण ढोल इतके वाजत होते, की कोणाला ऐकू गेलं नाही.

गावाला काकांची दया आली. तीन-चार दिवस गावाने मनात ठेवली आणि एका सकाळी पोरांनी ट्रॅक्टर आणला. गाळात फसलेली म्हैस काढतात तशी दोर बांधून बोट ओढून काढली, पालथी घालून उन्हात वाळवली, शिवाय अंगावरचा चिखल फडक्याने पुसून काढला, आणि पोरं मोठ्या आनंदाने काकांना बोलवायला गेली. काका आले. फुगत आलेल्या फळ्या पुन्हा तडकू लागल्या होत्या. मला वाटलं, आता हा माणूस रडेल. काकांनी बोटीकडे पाहिलं, पोरांच्या घामेजल्या तोंडांकडे पाहिलं आणि काकूंना हाक मारली. "अवो, सगळ्यायले चहा ठेवा. लई मेहनत केली पोरायनं." चहा झाल्यावर त्याच पोरांच्या हातून त्यांनी बोट परत बुडवली. फळ्यांतल्या नव्या चिरा पाहून आपलं काय चुकलं ते पोरांना चहा पिता पिताच कळलं होतं.

त्यानंतर काका रोज सकाळी काठावर बसून राहत. पहिल्या दिवशी काकूंनी चहा पाठवला. मग स्वतः घेऊन येऊ लागल्या. मग येताना स्वतःचाही कप आणू लागल्या.

फळ्या फुगून फटी मिटल्यावर बोट वर काढली, पाणी उपसलं, तेव्हा तळ कोरडा राहिला. काकांनी शीड चढवलं आणि एकटेच निघाले. पाळीवर मी आणि काकू उभ्या होतो. शिडात वारा भरला, बोट एका अंगावर कलली, आणि तो वाकलेला म्हातारा सुकाणू धरून असा ताठ बसला, की मला ओळखू येईना. हा माणूस घर सोडून गेल्यावर काय करतो, हे काकूंनी उभ्या जन्मात पाहिलंच नव्हतं. मग त्यांनी लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि तोंडाला हात लावून ओरडल्या, "एकटेच फिरसान काय? मले कोन नेनार?"

काका वळले ते इतक्या घाईने, की संस्थेचं एक जाळं फाटलंच.

काकू डोळे मिटून, रामाचं नाव घेत बसल्या. बोट तलावाच्या मधोमध गेली आणि वारा पडला. शीड ओल्या चादरीसारखं लोंबू लागलं. इंजिन नाही, आणि वल्ही घाईघाईत काठावरच राहिलेली. एक ढिवर आपली टिनाची होडी घेऊन ओढायला गेला, तर काकूंनीच हात हलवून त्याला परत पाठवलं. आम्ही काठावर डबा घेऊन ताटकळलो. जेवणाची वेळ टळली, गुरं पाण्यावर येऊन गेली, तरी ती दोघं तिथेच. काका काही सांगत असावेत असं वाटे, काकू हसत असाव्यात असं वाटे, पण इतक्या दुरून कळेना. ऊन उतरल्यावर वारा आला आणि त्यांना घेऊन आला.

पुढे दोन पावसाळे ती दोघं तलावावर दिसत राहिली. मागल्या हिवाळ्यात काका झोपेतच गेले. तेराव्यानंतर मी काकूंजवळ बसले होते. मनात राहून गेलं होतं ते विचारलं, "काकू, त्या दिवशी तलावात एवढा वेळ काय बोलत होता हो तुम्ही?"

"काय बोलनार बाई? काहीच नाही," काकू म्हणाल्या आणि त्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या. "लग्न झाल्यापासून सारा दिवस दोघंबी एकाच वेळी रिकामे बसलो, ते त्याच दिवशी."