मास्तरांचा उजवा पाय

गाडी शिकवणाऱ्या त्या माणसाला सगळे मास्तर म्हणत, आणि त्यात थट्टा आहे हे त्यांनाही ठाऊक होतं. तिशी उलटल्यावर कर्ज काढून शिक्षकाची पदवी घेतली, आणि करत काय होते, तर लोकांना गाडी मागे घ्यायला शिकवत होते. शिकवायचे मात्र असे, की कपाळाला हात लावावा. गाडी सुरू करण्याआधी कालची उजळणी. सिग्नलला थांबलं की तोंडी परीक्षा. एका पोक्त बाईंना वळण जमेना, तर त्यांना वहीत वळणं काढून आणायला लावली. बाईंनी मुकाट्यानं आणली, आणि पहिल्याच फटक्यात परवाना घेऊन गेल्या.

त्या गाडीत मास्तरांच्या बाजूलाही एक ब्रेक होता. शिकणाऱ्याचं चुकलं की मास्तर तो दाबायचे. दिवसभर दाबून दाबून उजव्या पायाला अशी खोड लागली, की काही विपरीत दिसलं रे दिसलं, की पाय खाली. दूध उतू चाललं, दाब फरशी. बायकोनं कर्जाच्या हप्त्याचं नाव काढलं, की फरशी फुटेल असा दाब. बायको म्हणायची, एवढा जोर कर्जाच्या कागदावर सही करताना लावला असता तर आज सुखात असतो.

बायको एका दवाखान्यात पैसे घ्यायला बसायची, त्यामुळे घरचा हिशेबही तिच्याच हातात. गाडीच्या पगारात हप्ता जाऊन घर बरं चाललं होतं, कर्ज फिटायला आणखी चार वर्षं होती. अशात एका शाळेनं गणित शिकवायला बोलावलं. पगार गाडीच्या पगाराच्या दोन तृतीयांश! बायकोनं आकडेमोड करून सांगितलं, की हप्ता आणि भाडं भागेल, पण जेवायला रोज शेजारी जावं लागेल. अंथरूण पाहून पाय पसरावेत, चार वर्षांनी बघू, असं तिचं म्हणणं. पण शाळेला चाळिशीच्या आतला माणूस हवा होता, आणि मास्तरांची चाळिशी दाराशी येऊन चपला काढत होती. आता नाही तर कधीच नाही, हे दोघांनाही कळत होतं.

रविवारी मेहुणी आली. तिलाही शिकवायचंच होतं, आणि तीही कर्ज काढणार होती. मास्तरांच्याच कॉलेजचं माहितीपत्रक तिनं पुढ्यात टाकलं. पदवीधरांची सरासरी कमाई दोन वर्षांत केवढी वाढली होती! एवढ्या कमाईत कर्ज म्हणजे किस झाड की पत्ती, असं तिचं गणित.

मास्तरांनी आकडा पाहिला आणि पाय खाली गेला. त्यांना आठवलं, कॉलेजातून एका मुलीचा फोन आला होता. कमाई किती, एवढंच तिनं विचारलं, कशाची ते विचारलंच नाही. मास्तरांनी गाडीचा पगार सांगितला, तिनं अभिनंदन केलं आणि फोन ठेवला. त्यांच्या वर्गातला एक जण जमिनीची दलाली करत होता, दुसरा सासऱ्याच्या फरशीच्या दुकानात मालक होऊन बसला होता. त्यांनाही फोन आले होते. जे खरोखर शाळेत शिकवत होते, त्यांना फोन घ्यायला वर्गाबाहेर पडता आलं नसावं.

"अगं, ही कमाई शिकवणाऱ्यांची नाही," मास्तर म्हणाले. "न शिकवणाऱ्यांची आहे. यात मी आहे."

मेहुणीचं तोंड एवढंसं झालं. मग पदवी घेऊ की नको, असं तिनं विचारलं. इतकी वर्षं सगळ्यांना डावीकडे वळा, उजवीकडे वळा सांगणारे मास्तर म्हणाले, उद्या शाळेत जाऊन येतो, मग सांगतो.

दुसऱ्या दिवशी शाळेत नमुन्याचा तास होता. मुख्याध्यापिका मागच्या बाकावर बसल्या होत्या. एक मुलगी फळ्यावर अर्धा आणि एक तृतीयांश यांची बेरीज करायला आली, आणि तिनं खुशाल वरचे आकडे वर आणि खालचे खाली मिळवायला घेतले. मास्तरांचा पाय धाडकन लाकडी चौथऱ्यावर आपटला. वर्ग खदखदून हसला. मास्तर ओशाळले, आणि पाय मागे घेऊन उभे राहिले. मुलीनं उत्तर लिहिलं, दोन पंचमांश. मागे सरकून बघत राहिली.

"सर, अर्ध्यात भर घातली, तर ते अर्ध्याहून कमी कसं झालं?"

तिनं आपण होऊन फळा पुसला. गाडीत कोणाला असं चुकू देता येत नव्हतं, दिलं तर खांबावरच जायचं. इथं देता येत होतं. याच्यासाठीच आपण कर्ज काढलं होतं, हे ते पार विसरून गेले होते. तास संपल्यावर मुख्याध्यापिकांनी संकोचत पगार पुन्हा सांगितला, आणि मास्तर हो म्हणून आले.

संध्याकाळी त्यांनी घरी सगळं सांगितलं, मेहुणीही अजून मुक्कामाला होती. सकाळी शाळेआधी आणि रविवारी गाडी शिकवायची, हे ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाशी बोलून झालं होतं. तरी महिन्याला थोडी ओढाताण होणारच, हेही त्यांनी लपवलं नाही. बायकोनं मनातल्या मनात बेरीज केली, पुन्हा केली, आणि शेवटी म्हणाली, "बघू. दूध थोडं कमी घेऊ."

मग मास्तर मेहुणीकडे वळले. "यंदा कॉलेजचा फोन आला की मी शाळेचा पगार सांगणार. तुझी सरासरी उतरणार बघ."

"उतरू दे, भाऊजी," मेहुणी म्हणाली. "मी उद्याच प्रवेश घेते. कर्जाला जामीन तेवढी ताई राहील."

फरशीवर धप्पकन आवाज झाला. मास्तरांनी दचकून आपल्या पायाकडे पाहिलं. तो जागच्या जागी होता. पाय बायकोचा होता.